संख्याशास्त्राचा पेपर मागे ठेवू नकोस

यावल, जि. जळगाव
१४ डिसेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

कसा शे भो? तुझं पत्र परवा मिळालं आणि दोनदा वाचलं. धडगावला आता चांगलाच गारठा असेल. इकडे मळ्यामळ्यांत भरताच्या पार्ट्या सुरू आहेत आणि तुझी आठवण निघतेच. आश्रमशाळेची नोकरी सांभाळून तू मानसशास्त्रात एम.ए. करायला घेतलंस, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. एक वाक्य मात्र डोक्यातून जाईना: ‘बाकीचे पेपर गोडीने वाचतो, संख्याशास्त्राचा तेवढा शेवटच्या महिन्यात पाठांतर करून काढीन.’ असं करू नकोस रे. बाकीच्या पेपरांतलं किती खरं धरायचं, हे तुला याच पेपरातून कळणार आहे. आणि तू जे वाचशील ते उद्या वर्गातल्या पोरांवर लावशील, म्हणून मला जास्त काळजी.

तू लिहिलंस की प्रमाण विचलनाचं सूत्र बघूनच घाबरायला होतं. सूत्र बाजूला ठेव. केळीचा व्यापारी बागेत आला की आधी रास, म्हणजे घडाचं सरासरी वजन, विचारतो. समज, दोन बागांची रास वीसच किलोची आहे. एक बाग एकसारखी निसवलेली, घड अठरा ते बावीस किलोचे. दुसरीत दहा किलोचेही आहेत नि तीसचेही. सरासरी तीच, पण दोन्ही बागांचा सौदा सारखा होईल का? हा जो पसारा, तो एका आकड्यात मांडला की झालं प्रमाण विचलन.

आता वही घे. पाच मुलांचे गुण: १०, १२, १४, १६, १८. सरासरी १४. प्रत्येकाचं सरासरीपासूनचं अंतर काढ, त्याचा वर्ग कर, बेरीज येते ४०. पाचाने भागलं की ८, वर्गमूळ साधारण २.८. दुसऱ्या वर्गातली पाच मुलं: २, ८, १४, २०, २६. सरासरी पुन्हा १४, पण तीच रीत केलीस तर उत्तर येतं साधारण ८.५. (ही पाच मुलं मोठ्या गटातून निवडलेला नमुना असली की पाचाऐवजी चाराने भागतात. ते पुढे येईलच, आत्ता अडकू नकोस.) आता कुणी म्हणालं, ‘आमच्या पद्धतीने गुण चाराने वाढले’, तर पहिल्या वर्गात ती वाढ पसाऱ्याच्या जवळजवळ दीडपट आहे आणि दुसऱ्या वर्गात अर्ध्याहूनही कमी. मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांचा परिणामाचा आकार म्हणून जो ‘डी’ तुझ्या पुस्तकात आहे, तो हाच भागाकार. ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा, अशी ढोबळ खूण त्यांनीच दिली. मध्यम म्हणजे प्रत्यक्षात किती? प्रयोगातला एक आणि प्रयोगाबाहेरचा एक अशा शंभर जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्या, तर साधारण ६४ जोड्यांत प्रयोगातला पुढे असेल. उरलेल्या ३६ जोड्यांत मागेच. म्हणून सरासरीतला फरक वाचून समोरच्या एका पोराबद्दल भाकीत करता येत नाही. हे मी माझ्या अकरावीच्या मुलांना दरवर्षी सांगतो, आणि तुला तर शंभरदा सांगेन.

दुसरी गोष्ट ‘सार्थक’ या शब्दाची. निष्कर्षाचा ‘पी’ हा आकडा ०.०५ च्या खाली आला की त्याला सार्थक म्हणतात. ०.०५ ची जी रेघ तू सगळीकडे बघतोस, ती संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे रूढ झाली. तेव्हा ते इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात कामाला होते, पिकांच्या वाफ्यांवरचे प्रयोग तपासत. ‘पी’ या आकड्याचा अर्थ एवढाच: खरोखर काहीच फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती? ‘सिद्धांत ९५ टक्के खरा’ असा त्याचा अर्थ कुणी सांगितला तर मान्य करू नकोस. आणि संशोधकाने एकमेकांशी संबंध नसलेल्या चौदा गोष्टी तपासल्या, तर कशातच काही नसतानाही निदान एक तरी ‘सार्थक’ निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. छापून येते ती तेवढीच एक. २०१५ साली मानसशास्त्रज्ञ ब्रायन नोसेक आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळचे ९७ टक्के सार्थक होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्केच उरले, आणि परिणामाचा आकार सरासरीने निम्म्यावर आला. मला यात या शास्त्राची अब्रू गेली असं मुळीच वाटत नाही. स्वतःचं घर स्वतः झाडायला माणसं उभी राहिली, याचा मला आदर वाटतो.

आता मुख्य मुद्दा. प्रशिक्षणात तुम्हाला मार्शमॅलोच्या प्रयोगाचा व्हिडिओ दाखवला (लहान मुलापुढे ही मऊ मिठाई ठेवायची आणि ‘न खाता थांबलास तर दुसरी देईन’ म्हणायचं) आणि तू पहिलीच्या पोरांपुढे चॉकलेट ठेवून, कोण थांबतं त्याची यादी करणार म्हणतोस. भाऊ, ती यादी करू नकोस. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचे ते प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीत झाले होते, म्हणजे बरीच मुलं विद्यापीठातल्या लोकांची. थांबणारी मुलं पुढे परीक्षेत सरस ठरली, हा जो निष्कर्ष गाजला, तो मोजक्या काही डझन मुलांच्या आकड्यांवर उभा होता. २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी नऊशेहून जास्त मुलांची माहिती तपासली. संबंध दिसला, पण मूळच्या निम्माच. आणि घरची परिस्थिती, आईचं शिक्षण, लहानपणीची आकलनशक्ती हिशेबात घेतल्यावर त्यातलाही दोन-तृतीयांश गेला. मग तुझ्या वर्गात काय मोजलं जाईल? घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारं, आईबाप ऊसतोडीला गेलेलं सहा वर्षांचं पोर. ‘थांबलास तर दुसरं देईन’ हे मराठीतलं वाक्य त्याला नीट कळलं का? दिलेला शब्द मोठी माणसं पाळतात, असा अनुभव त्याच्या गाठीशी आहे का? त्याने चॉकलेट लगेच खाल्लं तर ते त्याच्या दृष्टीने शहाणपणाचंही असेल. आणि तू वहीत ‘संयम कमी’ असं लिहिलंस की ती वही पुढच्या गुरुजींच्या हातात जाते.

चाचणीचंही थोडं लिहितो. पहिल्या घटक चाचणीत मागे पडलेल्या दहा जणांचा तू जादा तास घेतलास आणि त्यातले सात दुसऱ्या चाचणीत वर आले. आनंद झाला, खरंच. तरी एक लक्षात ठेव: सगळ्यात खाली असलेल्यांत काही जण त्या दिवशी आजारी, काही उपाशी, काहींचा प्रश्न वाचण्यात घोटाळा. पुढच्या वेळी तास घेतला नसता तरी त्यातले काही वर आलेच असते. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं, सरासरीकडे परतणं. तास बंद करू नकोस. पुढच्या खेपेला मागे पडलेल्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिही, निम्म्यांचा तास या महिन्यात घे, उरलेल्यांचा पुढच्या महिन्यात. मधल्या चाचणीत दोन्ही गटांची तुलना कर. कुणाचंही नुकसान नाही. पाच-पाच मुलांत योगायोगाचा वाटा मोठा राहणार, तेव्हा शेजारच्या वर्गालाही सामील करून घे. मुलं चौपट झाली की सरासरीत योगायोगाने येणारी चूक निम्मी होते.

नाताळच्या सुट्टीत ये. येताना दोन्ही चाचण्यांचे सगळ्यांचे गुण लिहून आण, फक्त वर आलेल्या सातांचे नकोत. नावं नकोत, क्रमांक पुरेत. माझ्याकडची दोन जुनी पुस्तकं काढून ठेवली आहेत. पहिल्यातला सहसंबंधाचा, म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने बदलतात ते मोजण्याचा, धडा आपण मिळून सोडवू. सहसंबंध ०.३ असला तर त्याचा वर्ग ०.०९, म्हणजे बदलातला नऊच टक्के भाग त्याने उलगडतो, हे एकदा हाताने करून बघितलंस की पुस्तकातली निम्मी वाक्यं तू वेगळ्या नजरेने वाचशील. येण्याची तारीख कळव, म्हणजे भुसावळला घ्यायला येतो.

वहिनींना नमस्कार, पिल्लांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र