आमच्या सेल्स ऑफिसर साहेबांना

आदरणीय साहेब,

गेल्या महिन्यात तुम्ही तेल कंपनीतून कार्यकारी संचालक म्हणून निवृत्त झालात. निरोप समारंभाचा फोटो आम्हा पेट्रोल पंप डीलरांच्या ग्रुपवर आला होता. शाल, श्रीफळ, मागे भलामोठा फलक. मला मात्र १९९८ च्या मे महिन्यातली दुपार आठवली. अण्णांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. धुळीनं माखलेल्या जीपमधून तुम्ही उतरलात, आईला नमस्कार केलात आणि मला विचारलंत, "ताई, टाकीत माल किती आहे?" मला सांगता आलं नाही. तुम्ही काही न बोलता डिप रॉड, टाकीतला माल मोजायची काठी, माझ्या हातात दिलात.

मी चोवीस वर्षांची होते. बाईमाणूस हायवेवरचा पंप चालवणार कसा, असं म्हणणारे घरातच होते आणि वारसाच्या कागदांवर भलतंच नाव घालायची तयारीही झाली होती. तुम्ही ओट्यावर बसून आईला एकेक कागद वाचून दाखवलात, कुठे सही करायची नाही तेही सांगितलंत. डीलरशिप आईच्या आणि माझ्या नावावर झाली. यासाठी आभार मानायचेच आहेत, पण पत्र लिहायचं खरं कारण वेगळं आहे.

रेशनचं निळं रॉकेल तेव्हा डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त होतं. ते डिझेलमध्ये मिसळायचा निरोप घेऊन एक माणूस आमच्याकडेही आला. अण्णांच्या आजारपणाचं कर्ज डोक्यावर होतं. मी त्याला नाही म्हटलं नव्हतं, 'विचार करते' म्हटलं होतं. ही गोष्ट मी तुमच्याशिवाय कुणालाच सांगितलेली नाही. तुम्ही धमकावलं नाहीत की उपदेश केला नाहीत. टँकरच्या चलनाच्या कागदामागे हिशेब मांडलात: लिटरमागे कमिशन, उन्हात उडून जाणारं पेट्रोल, पोरांचे पगार, बँकेचं व्याज. मग म्हणालात, "सरळ धंदा केलात तर चार वर्षांत फिटेल. तुमचं गिऱ्हाईक शेतकरी आहे, त्याच्या ट्रॅक्टरचा फ्युएल पंप गेला तर त्याची पेरणी जाते." कर्ज फिटायला पाच वर्षं लागली. तो कागद अजून आहे माझ्याकडे.

त्याच वर्षी कांद्याच्या हंगामात पानेवाडीच्या डेपोतून टँकर आला. लासलगावच्या गाड्या रांगेत उभ्या, ड्रायव्हर खाली करायची घाई करत होता. तुम्ही शिकवल्याप्रमाणे हायड्रोमीटर बुडवला, तापमान पाहिलं, तक्त्यावरून १५ अंश तापमानाची डेन्सिटी, म्हणजे घनता, काढली. चलनावरच्या आकड्याशी तीनपेक्षा जास्त फरक, म्हणजे भेसळीची शंका. पुन्हा काढली, तेच. मी टँकर खाली करू दिला नाही आणि घाबरत तुम्हाला फोन लावला. तुम्ही एवढंच म्हणालात, "बरोबर केलंत. मी निघालो." त्या दिवशी पंप दुपारभर कोरडा राहिला. रांगेतल्या लोकांची बोलणी खाल्ली, पण संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की हा पंप माझा आहे.

तुमच्या नोकरीत किती जोखीम होती, हे मला फार उशिरा कळलं. नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरीला मंजुनाथ षण्मुगम या सत्तावीस वर्षांच्या सेल्स ऑफिसरला मारलं. भेसळीसाठी पंप सील केला, एवढाच त्याचा गुन्हा. नमुन्याच्या बाटल्यांची पेटी घेऊन तुम्ही एकटेच गावोगाव फिरायचात, ते चित्र मग किती दिवस डोळ्यांसमोरून हलेना. २५ जानेवारी २०११ ला तर मनमाडजवळ, आमच्याच भागात, अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जाळलं. तुम्ही तोवर मुंबईला मोठ्या पदावर होतात. रात्री तुमचा फोन आला आणि आपण दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

पुढची तुमची पदं मला धड सांगता यायची नाहीत. इथेनॉलच्या कामात होतात तेव्हाची एक गोष्ट मात्र आमच्या पोरांना अजून पाठ आहे. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, टाकीत पाणी शिरलं तर दोन्ही मिळून तळाशी बसतं, म्हणून पावसाळ्यात डिप रॉडला पाणी दाखवणारी पेस्ट लावून टाकीतलं पाणी तपासल्याशिवाय नोझल उचलायचं नाही. ते सांगायला तुम्ही पंपावर आलात, पोरांसोबत उभं राहून चहा घेतलात. एवढ्या वरच्या अधिकाऱ्याला टाकीच्या झाकणाशी वाकलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

आणि २०२१ ची दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री उत्पादन शुल्क पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपयांनी कमी झालं. लोकांना दिलासा मिळाला, मलाही बरंच वाटलं, पण सणासाठी जुन्या भावानं भरलेल्या टाक्यांवर आम्हा डीलरांचं मोठं नुकसान झालं. तुमच्या हातात काहीच नव्हतं. तरी तुम्ही फोन उचललात, पूर्ण ऐकून घेतलंत आणि साठ्याचा आकडा लिहून घेतलात. त्या रात्री मला तेवढंच हवं होतं.

पाच लिटरचं माप आता मशीनशेजारी उघड्यावरच ठेवते. कुणी म्हटलं की त्याच्यासमोर भरून दाखवतो. पाच लिटरमागे २५ मिलीपेक्षा जास्त कमी भरलं तर नोझल बंद, मग रांग कितीही असो.

आई आता ८१ वर्षांची आहे. 'जीपवाले साहेब' जेवायला कधी येणार, म्हणून विचारते. वहिनींना घेऊन या. कांदा निघाल्यावर आलात तर दोन गोण्या गाडीत टाकीन, नाही म्हणायचं नाही.

आपली,
मालेगाव रस्त्यावरच्या पंपाची डीलर