निजायच्या खोलीतला पांढरा उजेड

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसऱ्याच्या तोंडावर सोलापुरात घरोघरी रंगकाम निघते. भिंतीचा रंग ठरवायला घरातली सगळी माणसे शेडकार्ड घेऊन बसतात. लाइटचा विषय मात्र वायरमनला "चांगला उजेड पडेल असे बघा" एवढे सांगून संपतो. मग निजायच्या खोलीतही हॉलसारखीच चार फुटी, २० वॅटची एलईडी ट्यूब लागते आणि तीही बहुधा पलंगावर पडल्यावर थेट डोळ्यांत येईल अशा जागी. जुळे सोलापुरातला नवा फ्लॅट असो की अशोक चौकाकडचे दोन खोल्यांचे घर, यात फरक नसतो. रंगाचा हात फिरण्याआधी झिरी मारून एक-दोन पॉइंट वाढवता येतात, नंतर भिंत फोडायला कोणी तयार होत नाही. म्हणून हे पत्र आत्ताच लिहीत आहोत.

बल्ब घेताना आपण वॅट विचारतो. निजायच्या खोलीसाठी आधी विचारायचा तो उजेडाचा रंग सांगणारा केल्विनचा आकडा, जो खोक्यावर 'के' अक्षराच्या आधी छापलेला असतो. ६५०० के म्हणजे 'कूल डेलाइट', निळसर पांढरा. ४००० के मधला. २७०० ते ३००० के म्हणजे 'वॉर्म व्हाइट', जुन्या ६० वॅटच्या तारेच्या बल्बसारखा पिवळसर. दुकानात काही न बोलता बल्ब मागितला तर हातात बहुतेक वेळा ६५०० चाच पडतो. एकाच कंपनीच्या दोन्ही बल्बांच्या किमतीत सहसा फरक नसतो, फक्त मागावा लागतो.

पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर असतो. थर जसा असेल तसा रंग मिळतो. ६५०० मध्ये निळ्याचा वाटा मोठा राहतो. आपल्या डोळ्यांत काही पेशी अशा आहेत की त्या साधारण ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात आणि मेंदूला 'अजून दिवस आहे' असे कळवतात. त्यामुळे झोपेची वेळ झाल्याचे शरीराला सांगणारे मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा तयार होते. २०२२ मध्ये या विषयातल्या संशोधकांनी एकत्र येऊन शिफारस केली: निजण्याआधीचे तीन तास डोळ्यांपर्यंत पोहोचणारा प्रकाश, या पेशींच्या हिशेबाने मोजून, १० लक्सच्या आत असावा आणि झोपेत १ लक्सच्या आत (लक्स म्हणजे एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचे माप). यातून एक गोष्ट सरळ निघते. नुसता रंग पिवळा करून भागत नाही, उजेडही कमी हवा. १२ वॅटचा वॉर्म बल्ब उघडाच छताच्या मधोमध टांगला तर झोपेला त्याची मदत होत नाही, आणि घरातली माणसेही 'मळकट दिसते' म्हणून आठ दिवसांत तो काढून टाकतात.

१० बाय १२ च्या खोलीचा हिशेब असा. आधीची ट्यूब काढू नका. झाडलोट, इस्त्री, कपाटातली शोधाशोध यासाठी ती लागतेच, पण तिचे बटण वेगळे ठेवा. संध्याकाळसाठी पलंगाच्या उशाकडच्या भिंतीवर दोन बाजूंना दोन वॉल लाइट घ्या. प्रत्येकात ५ वॅटचा, म्हणजे साधारण ४०० ते ४५० ल्यूमेनचा (ल्यूमेन म्हणजे बल्बमधून निघणाऱ्या उजेडाचे माप), २७०० के चा बल्ब. दिवा असा हवा की बल्ब दिसणार नाही आणि उजेड भिंतीवर वर-खाली पडेल. पलंगावर टेकून बसल्यावर शेडची खालची कड डोळ्यांच्या पातळीला यावी. गादीपासून साधारण २० ते २४ इंच धरा, पण माणसाला प्रत्यक्ष बसवून खूण केलेली बरी. खाली गादी घालून झोपत असाल तर हाच दिवा जमिनीपासून दोन ते अडीच फुटांच्या आसपास येतो. साडेपाच फुटांवर लावला तर आडवे पडल्यावर बल्ब खालून डोळ्यांत खुपतो.

हे दिवे दोन ठिकाणांहून चालू-बंद करता यावेत म्हणून एक टू-वे स्विच दाराशी आणि दुसरा उशाशी घ्या. दोन स्विचांमध्ये दोन वायरी जास्त जातात, म्हणून हे झिरी मारण्याच्या वेळीच सांगावे लागते. उजेड आणखी कमी-जास्त करायचा असेल तर पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला जोडू नका. साधा एलईडी बल्ब त्यावर लुकलुकतो आणि लवकर जळतो. खोक्यावर 'डिमेबल' लिहिलेला बल्ब आणि एलईडीसाठीचाच डिमर अशी जोडी लागते. ती महाग वाटली तर एकेका दिव्याला वेगळे बटण घेऊन तोच परिणाम साधता येतो, आणि आमच्या मते साध्या घराला हेच जास्त टिकाऊ आहे. बटण दाबले की रंग बदलणाऱ्या 'थ्री-इन-वन' लाइटचा आग्रह आम्ही धरत नाही. वीज जाऊन आली की त्यातले काही पुन्हा पांढऱ्यावरच येतात, आणि रात्री दोन वाजता ते नको असते.

भिंतीचा रंगही हिशेबात घ्या. नीळ टाकलेला चुना, आकाशी किंवा पोपटी डिस्टेंपर यांवर २७०० चा प्रकाश राखाडी आणि मरगळलेला दिसतो. अशा भिंती ठेवायच्या असतील तर ३००० घ्या. रंग बदलणार असाल तर क्रीम किंवा फिकट बदामी घ्या, त्यावर ५ वॅटही भरपूर वाटतात. एका खोलीत एकत्र पेटणारे सगळे बल्ब एकाच आकड्याचे आणि एकाच वेळी घेतलेले असावेत. उशाशी २७०० आणि कपाटावर ४००० असे मिसळले की दोन्ही चुकीचे वाटतात.

खोक्यावर दुसरा बघायचा आकडा सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा. ८० च्या खाली घेऊ नका, ९० मिळाला तर उत्तम. पारख करायला घरातली लाल किंवा मरून सोलापुरी चादर दुकानात न्या आणि बल्बखाली धरा. हलक्या एलईडीत गडद लाल रंगाचा प्रकाश तोकडा असतो, त्यामुळे मरून रंग तपकिरी दिसतो आणि जकार्डची नक्षी सपाट होते. चांगल्या बल्बखाली लाल लालच राहतो. ज्या दिव्याखाली चादर मेलेली दिसते, त्याखाली माणसाचा चेहराही तसाच दिसतो. तिथेच मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये बल्बचा व्हिडिओ घ्या. उजेड ठळकपणे कमी-जास्त होताना दिसला तर बल्बच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य वीज देणारा भाग, हलका आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून असा बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण काहींचे डोके त्याने दुखते.

पंख्याच्या पात्यांच्या वर दिवा नको. पाती फिरताना सावल्या भिंतीवर धावतात आणि खोली कधीच शांत वाटत नाही.

फॉल्स सिलिंगच्या खाचेत पट्टी लाइट लावण्याची हौस वाढली आहे. त्यातली कामे वर्षा-दोन वर्षांत बिघडतात ती दोन कारणांनी. पट्टी पीओपीवर नुसती चिकटवली जाते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ पर्यंत जातो, स्लॅबखालची पोकळी त्याहून तापते, गोंद सुटतो आणि एलईडी काळवंडतात. म्हणून पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनेलमध्येच बसवा. दुसरे कारण पॉवर सप्लाय. मीटरला ९.६ वॅटची पट्टी ५ मीटर घेतली की ४८ वॅट होतात. त्याला ६० वॅटचा सप्लाय द्या आणि तो हवा लागेल, हात पोहोचेल अशा जागी ठेवा. १२ व्होल्टची पट्टी एका टोकाकडून ५ मीटरपेक्षा लांब नेली तर शेवटचा भाग मंद पडतो. उष्णतेचा नियम बल्बलाही लागू आहे. पत्र्याच्या घरात बंद काचेच्या गोळ्यात बल्ब लवकर जातो, तिथे वरून उघडी शेड बरी.

रात्रभर जळणारा झिरो बल्ब आपल्याकडे अनेक घरांत निळा किंवा हिरवा असतो. तो बदलून अर्ध्या वॅटचा अंबर किंवा लाल घ्या आणि पलंगाच्या पातळीखाली, संडास-बाथरूमच्या वाटेवर लावा.

बटण बंद केल्यावरही एलईडी अंधुक जळत राहत असेल तर बल्बला दोष देऊ नका. जुन्या वायरिंगमध्ये पुष्कळदा स्विचवर फेजऐवजी न्यूट्रल असतो. बटण बंद असताना होल्डरवर टेस्टर पेटला तर तेच कारण समजा. ते धोक्याचेही आहे, परवानाधारक वायरमनकडून लगेच फेज स्विचवर घ्या. वायरिंग बरोबर असूनही उजेड राहिला तर इंडिकेटरवाला स्विच किंवा टू-वेच्या लांब समांतर वायरी कारणीभूत असतात.

पॉवरलूमवर रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्यांचा प्रश्न उलटा आहे. त्यांना दिव्यापेक्षा अंधार हवा. खिडकीला दोन पदरी जाड पडदा, चौकटीच्या चारही बाजूंनी चार-चार इंच जास्त घेतलेला.

शहरातल्या इलेक्ट्रिक दुकानदारांना एकच विनंती आहे. काउंटरवरच्या बोर्डावर ६५०० शेजारी २७०० आणि ३००० चा एकेक बल्ब पेटता ठेवावा. आणि गिऱ्हाइकाने 'बेडरूमसाठी' म्हटले की वॅटच्या आधी केल्विन विचारावा.

आपले,
वायरिंग व लाइट फिटिंगची कामे करणारे काही कारागीर,
सोलापूर