लायसन्सचे कागद पंधराव्या वर्षीच बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की मुलांचं एकच टुमणं सुरू होतं, गाडी आणि लायसन्स. गाडी कोणती घ्यायची यावर घरात महिनाभर चर्चा होते, पण कागद मात्र ऑनलाइन फॉर्म भरायला बसल्यावरच कपाटातून काढले जातात आणि घोळ तिथेच होतो.

आधी नियम. १६ पूर्ण झाली की फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स मिळतं, तेही पालकांच्या लेखी संमतीने. घरोघरी असलेली ११० नाहीतर १२५ सीसीची स्कूटर यात बसत नाही, तिला १८ च लागतात, हे कित्येक पालकांना माहीतच नसतं.

आता कागद. मोठ्या माणसाकडे मतदार कार्ड असतं, एलआयसीची पॉलिसी असते, काहीतरी निघतंच. मुलांकडे काय, तर जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार, आणि तिन्हीकडे नाव नि जन्मतारीख जुळली नाही की अर्ज अडला. माझ्या पुतणीच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोराच होता, कारण नोंद झाली बारशाच्या आधी आणि नंतर नाव घालायला कोणी गेलंच नाही. शाळेत वडिलांच्या नावापुढे 'राव', आधारवर 'राव' गायब, आधारवरचा फोटो बालवाडीतला, आणि लिंक केलेला मोबाईल नंबर कधीच बंद झालेला, मग ओटीपी येणार कुठून?

आधार आहे ना, मग झालं, असंही समजू नका. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही असं आधार देणाऱ्या खुद्द यूआयडीएआयनेच सांगितलंय, आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही वय ठरवताना आधारपेक्षा शाळेच्या दाखल्यालाच मान दिला.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की मूल पंधराचं व्हायच्या आतच हे सगळं काढून बघा. जन्मदाखल्यावर नाव घालायची मुदत नोंदणीपासून १५ वर्षं असते, अधूनमधून मुदतवाढ मिळते पण तिच्या भरवशावर राहू नका. आधारचं बायोमेट्रिक अपडेटही १५ व्या वर्षी करावंच लागतं, तेव्हाच चालू मोबाईल नंबर टाकून घ्या. आणि शाळेतली दुरुस्ती मूल शाळेत असेपर्यंतच सोपी, एकदा दाखला हातात पडला की फार जड जातं. ज्यांच्या घरात आता तान्हं बाळ आहे त्यांनी तर रकाना कोरा ठेवूच नये, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना लायसन्ससाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे.

कागद होत नाहीत तोवर गल्लीतल्या गल्लीत चालव, असं म्हणून कृपा करून किल्ली देऊ नका. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. आणि अपघात झाला तर दंडाचं कोणाला सुचतंय.

शाळांना एक विनंती, नववीच्या पहिल्याच पालकसभेत तिन्ही कागद घेऊन या असं सांगा, वर्गशिक्षकांनी समोर ठेवून नावं जुळवून बघितली तर दहा मिनिटांचं काम आहे. शिक्षण विभागाने तसं सर्क्युलरच काढलं तर फारच बरं होईल.

आपला,
एक पालक