अधिभार लावा, पण प्रत काढण्याचा हक्क आधी लिहून द्या

मा. मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

कॉपीराइट कायदा आपल्या खात्याकडे येतो, म्हणून हे पत्र थेट आपल्यालाच. गाणी साठवता येतात अशा प्रत्येक वस्तूवर, म्हणजे फोन, मेमरी कार्ड, हार्ड डिस्क, म्युझिक प्लेअर यांवर, विक्रीच्या वेळीच कॉपीराइट अधिभार घ्यावा आणि तो कलावंतांना वाटावा, अशी मागणी होत असते. माझा तिला सरसकट विरोध नाही. गाणे लिहिणाऱ्याला, चाल बांधणाऱ्याला, त्यात सारंगी वाजवणाऱ्याला पैसे मिळायलाच हवेत. माझी काळजी वेगळी आहे. ग्राहकाकडून पैसे वसूल होतील, आणि त्या बदल्यात त्याला नेमके काय करायची मुभा मिळाली हे कायद्यात मोघमच राहील.

ही कल्पना जर्मनीतली. घरोघरी टेपरेकॉर्डर आले तेव्हा तिथल्या 'गेमा' या संगीतकारांच्या संस्थेने दुकानदारांनी गिऱ्हाइकांची ओळखपत्रे तपासून नावे कळवावीत असा आग्रह धरला. 1964 साली न्यायालयाने तो फेटाळला. कोण घरात बसून काय टेप करतो हे तपासायला कुणाच्या उंबऱ्याच्या आत शिरता येणार नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. मग 1965 च्या कायद्याने मधला मार्ग काढला : घरात खुशाल टेप करा, मोबदला यंत्र बनवणाऱ्याकडून घेऊ. त्या सौद्याला दोन बाजू होत्या आणि दोन्ही कायद्यात लिहिलेल्या होत्या. पुढे इतर देशांनी हा अधिभार उचलला, पण दुसरी बाजू तितक्या काळजीने उचलली असे नाही.

कॅनडात काय झाले ते आपण बारकाईने पाहावे, अशी विनंती आहे. तिथे कोऱ्या कॅसेट आणि सीडींवर अधिभार होताच. डिसेंबर 2003 मध्ये कॉपीराइट मंडळाने तो डिजिटल प्लेअरवरही लावला : 1 गिगाबाइटपर्यंत 2 डॉलर, 10 गिगाबाइटपर्यंत 15 आणि त्याहून मोठ्याला 25. डिसेंबर 2004 मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला, कारण कायद्यात शब्द होते 'ध्वनिमुद्रणाचे माध्यम', आणि प्लेअरच्या पोटातली मेमरी त्या व्याख्येत बसत नव्हती. मंडळाने पुन्हा प्रयत्न केला, 2008 च्या सुरुवातीला न्यायालयाने पुन्हा तेच सांगितले. ग्राहकांना आनंद झाला. पण खासगी प्रतीची सूटही त्याच व्याख्येला बांधलेली होती. अधिभार गेला, आणि त्याबरोबर स्वतःच्या सीडीवरचे गाणे स्वतःच्या प्लेअरवर घेण्याचे कायदेशीर संरक्षणही गेले. ते परत मिळायला 2012 ची दुरुस्ती यावी लागली. मधल्या काळात लाखो साधी माणसे केवळ एका व्याख्येपायी कायद्याच्या चुकीच्या बाजूला उभी होती. असा मसुदा आपल्या सहीने जाऊ नये.

ब्रिटनमध्ये उलटे झाले. ऑक्टोबर 2014 मध्ये प्रत काढायची मुभा दिली, मोबदल्याचे काहीच ठेवले नाही, आणि पुढच्याच जुलैत उच्च न्यायालयाने ती मुभा रद्द केली.

आता पैसे कोणाकडून घ्यायचे ते. गाणे शिकणारी एखादी मुलगी शिकवणीत फोन समोर ठेवते, गुरूंनी सांगितलेली बंदिश आणि आपला चुकलेला सूर दोन्ही ध्वनिमुद्रित करते, कार्ड भरले की नवे विकत घेते. त्या कार्डावर बाजारातले एकही गाणे नाही. तपासण्यांच्या प्रतिमा साठवणाऱ्या रुग्णालयाचे तेच, आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्याचेही. यांच्याकडून कोणत्या गाण्याचा मोबदला घ्यायचा? युरोपीय न्यायालयाने 2010 मध्ये स्पेनच्या 'पदावान' खटल्यात म्हटले की खासगी प्रतीशी उघडच संबंध नसलेल्या, व्यवसायासाठी घेतलेल्या साधनांवर सरसकट अधिभार लावता येणार नाही. सूट तिथेच, बिलावरच मिळाली पाहिजे. आधी भरा, मग अर्ज करून परत मागा, असे ठेवले तर बहुतेक जण अर्ज करणारच नाहीत, हे आपल्या खात्यातल्या कुणालाही विचारा.

डिजिटल कुलपाचा प्रश्नही टाळता येणार नाही. विक्रेता गाण्याच्या फाइलला असे कुलूप घालतो की ती दुसऱ्या उपकरणावर जातच नाही, आणि ते उघडणे अनेक देशांत गुन्हा आहे. मग माणूस प्रतीसाठी अधिभार भरणार आणि प्रत काढली तर गुन्हेगारही ठरणार. मला हे उघड अन्यायाचे वाटते. शिवाय आज बहुतेक जण मासिक वर्गणी भरून गाणी ऐकतात, आणि फोनवर उतरवलेले गाणे त्या वर्गणीतच आलेले असते. त्याचे पैसे पुन्हा फोनच्या किमतीतून घ्यायचे असतील, तर कोणत्या नुकसानीपोटी, हे आकड्यांनिशी मांडावे लागेल.

वाटपाबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण सगळा खटाटोप ज्यांच्या नावाने चालतो ते लोक तिथे आहेत. घरात कोणी कशाची प्रत काढली हे कळत नाही, म्हणून रेडिओवर काय वाजले, काय खपले यावरून अंदाज बांधले जातात. गाजलेल्याला आणखी मिळते. लोकगीते गाणारी बाई, कोरसमधला आवाज, स्टुडिओत रोजावर वाजवणारा ढोलकीवाला त्या हिशेबात दिसतच नाहीत. वसुली करणाऱ्या संस्थांनी किती जमा केले, खर्चापोटी किती कापले, कुणाला किती दिले, हे दरवर्षी जाहीर करणे कायद्यानेच बंधनकारक करा. जो पैसा हक्कदार सापडत नाही म्हणून पडून राहतो, त्याचा आकडाही त्यातच हवा.

माझी मागणी क्रमाची आहे. कायदेशीर मार्गाने घेतलेल्या संगीताची स्वतःसाठी प्रत काढण्याचा हक्क, कोणत्याही उपकरणावर, कुलूप असले तरी, हे कलम पहिले असावे. अधिभाराचे कलम त्यानंतर, आणि पहिले नसेल तर दुसरेही नको. मसुदा तयार झाला की तो समितीपुढे जाण्याआधी लोकांसमोर ठेवावा, आणि हरकतींना पुरेशी मुदत द्यावी.

कळावे,
आपला,
एक श्रोता