भाकरीचा आवाज मोजता येतो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दोन आठवड्यांआधी तुमच्या रविवारच्या पुरवणीत ओटीटीवरच्या पिरियड ड्रामांबद्दल एक लेख आला होता. यादवी युद्ध संपल्यावर जी कुटुंबं घरातच लपून राहिली त्यांच्यावरचे सिनेमे संथ असतात, घराबाहेर पडतच नाहीत, दोन-दोन तास नुसतं स्वयंपाकघर दाखवतात, असं काहीसं त्यात होतं. कपडे आणि लायटिंगचं मात्र भरभरून कौतुक होतं. वाचून मला राहवलं नाही, कारण त्यातला एक सिनेमा मी आणि आईनं मागच्याच महिन्यात सोबत बसून पाहिला, आणि त्या स्वयंपाकघरात जे चाललेलं असतं तेच तर खरं युद्ध असतं हे मला कोणाला तरी सांगायचं आहे.

सिनेमा 2019 चा, स्पॅनिश, ला त्रिंचेरा इन्फिनिता, म्हणजे न संपणारा खंदक. मोबाईलवरून टीव्हीला लावला, मी सबटायटल वाचून आईला मराठीत सांगत होते. आईचं वय 87. पहिली वीस मिनिटं ती म्हणे, बाई हे काय लावलंस, पण एकदा तो नवरा भिंतीमागे शिरला आणि बायको एकटी घरात उरली तेव्हापासून आई जी सरसावून बसली ती शेवटपर्यंत उठली नाही, औषधाची वेळ पण गेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्पेनमध्ये 1936 च्या जुलैमध्ये लष्करानं निवडून आलेल्या सरकारविरुद्ध उठाव केला, तीन वर्षं देश आपसातच लढला, आणि 1 एप्रिल 1939 ला जनरल फ्रँकोनं युद्ध संपल्याचं जाहीर केलं. पण हरलेल्यांसाठी ते संपलं नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत एक कायदा झाला होता, 1934 च्या ऑक्टोबरपासून कोण कोणत्या बाजूला होतं ते मागे जाऊन तपासून शिक्षा करायचा. हजारोंना गोळ्या घातल्या. मग काही माणसं आपल्याच घरात, भिंतीच्या पोकळीत, कपाटामागे, फरशीखाली जाऊन बसली. त्यांना तिकडे तोपो म्हणतात, जमिनीखाली बीळ करून राहणारा एक प्राणी असतो त्याचं नाव.

मालागाजवळच्या मिहास गावचे युद्धाआधीचे शेवटचे नगराध्यक्ष मानुएल कोर्तेस, धंद्यानं न्हावी, 1939 मध्ये रात्री लपतछपत घरी आले ते 30 वर्षं बाहेर पडले नाहीत. आधी भिंतीतल्या एका पोकळीत, मग म्हातारीचा वेश घालून दुसऱ्या घरात गेले. 1969 च्या मार्च अखेरीस सरकारनं युद्धाआधीच्या आणि युद्धातल्या गुन्ह्यांची मुदत संपल्याचं जाहीर केलं तेव्हा ते उजेडात आले. त्या 30 वर्षांत घर कोणी चालवलं, तर बायकोनं, हुलियानानं. ती अंडी जमवून मालागाला नेऊन विकायची, पुढे एस्पार्तो नावाच्या गवताचा धंदा उभा केला. बाहेर नवऱ्याचा पत्ता नाही म्हणून सांगायचं आणि घरात त्याला जेवू घालायचं, आणि हे एक-दोन महिने नाही, मुलगी तान्ही होती तिथपासून तिचं लग्न होईपर्यंत. रोनाल्ड फ्रेझर या ब्रिटिश इतिहासकारानं नंतर नवरा, बायको, मुलगी तिघांशीही बोलून सगळं लिहून ठेवलं, फक्त लपलेल्या माणसाला विचारून सोडलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता रेशनचं पाहा. स्पेनमध्ये 1939 ते 1952 रेशनिंग होतं. लपलेल्या माणसाच्या नावावर रेशन कसं मिळणार? तो तर कागदावर फरार किंवा मेलेला. म्हणजे तीन जणांच्या धान्यात चार जणांनी भागवायचं, आणि जास्तीचं घ्यायला गेलं की दुकानदार विचारणार, कोणासाठी नेतेस. आपल्यापैकी ज्यांनी महिनाअखेरीला रेशनच्या रांगेत उभं राहून दिवस काढले त्यांना हे समजवायला लागत नाही. लेखकाला स्वयंपाकघरात काही घडताना दिसलं नाही म्हणे, तर मला वाटतं त्यांनी पातेल्यात किती शिजतंय ते पाहिलंच नाही.

हे मी एवढ्या जोरात का सांगून राहिले, त्याला कारण आहे.

1942 च्या नागपंचमीला, 16 ऑगस्टला, चले जाव चळवळीत चिमूरला काय झालं ते नागपूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको, मोर्चावर गोळीबार झाला आणि चिडलेल्या जमावानं काही अधिकाऱ्यांना मारलं. नंतर मिलिटरी गावात आली, पुरुष पकडले गेले नाहीतर पांगले, आणि बायकांवर जे अत्याचार झाले त्यासाठी गांधीजींचे सहकारी प्रा. भन्साळींनी 63 दिवस उपोषण केलं. आमच्या आजीचा धाकटा भाऊ तेव्हा चिमूरहून पळाला आणि रात्री चालत चालत भिवापूरकडे, आजीच्या सासरी आला. आजोबा आधीच जेलात होते. घरात आजी, तिची म्हातारी सासू आणि चार वर्षांची माझी आई. त्या श्रावणापासून पुढच्या होळीपर्यंत मामाआजोबा आमच्या माळ्यावर होते.

माळ्यावर मिरचीची पोती. भिवापूरची मिरची, त्या तिखटात माणूस बसणार म्हणजे खोकणारच. आजीनं युक्ती काढली होती, वरून खोकल्याचा आवाज आला आणि अंगणात कोणी असलं की ती पटकन चुलीत एक सुकी मिरची टाकायची, मग खाली आलेला माणूस, सासू, आई, आजी, सगळेच खोकत सुटायचे आणि वरचा खोकला त्यात मिसळून जायचा. आई म्हणते मला लहानपणी वाटायचं की आमच्या आईला स्वयंपाकच नीट येत नाही.

आणि भाकरी. आजी त्या सात महिन्यांत सकाळी भाकरी करायची नाही, भातच लावायची. काहून, तं भाकरी थापल्याचा आवाज शेजारी ऐकू जातो आणि तो मोजता येतो. दोन बायका आणि एक पोर, तीन भाकऱ्या पुरेत, मग सहा वेळा थाप का ऐकू आली? भातात एक मूठ तांदूळ जास्त टाकला तर कोणाला कळत नाही. धोतर रात्री धुवायचं आणि चुलीवर धरून वाळवायचं, कारण नवरा जेलात असलेल्या बाईच्या दांडीवर ओलं धोतर कसं? आईला शिकवलेलं होतं की माळ्यावर काही वाजलं आणि कोणी विचारलं तर म्हणायचं मांजर. मामा हा शब्दच तिच्या तोंडून काढून टाकला होता.

सिनेमातल्या रोसाला नवरा लपलेला असताना मूल होतं. त्या मुलाला ती स्वतःचं म्हणूच शकत नाही, भाचा म्हणून वाढवते. तो सीन आला तेव्हा आईनं माझा हात धरला आणि टीव्हीकडे पाहूनच म्हणाली, "पोराले मांजर म्हणाले शिकव बाई." बस, एवढंच. नंतर कितीतरी वेळ बोलली नाही.

2008 चा लोस हिरासोलेस सिएगोस, म्हणजे आंधळी सूर्यफुलं, तोही मी नंतर एकटीनं पाहिला. त्यात बाप कपाटामागे आणि शाळेत जाणाऱ्या मुलाला जगासमोर बाप मेला म्हणून वागायचं असतं. म्हणजे लपलेला एक असतो पण तोंड सगळ्या घरालाच शिवून घ्यावं लागतं. लेकरू किती दिवस खोटं बोलेल, हा त्या सिनेमातला खरा सस्पेन्स आहे, दारावरच्या बुटांचा आवाज नाही.

एक फरक मात्र मी मान्य करते, आणि तो मोठा आहे. चिमूरचं प्रकरण यादवी नव्हतं. आमच्याकडे शोधणारा बाहेरचा होता, इंग्रजांचा शिपाई, आणि गावातल्या दहा जणांना कुणकुण असून कोणी तोंड उघडलं नाही. खबरे होते, पण गाव आपलं होतं. स्पेनमध्ये शोधणारा समोरच्या घरातला. सिनेमातला गोन्सालो हा शेजारी, त्याचा भाऊ मारला गेलेला, तो वर्षानुवर्षं त्या घरावर डोळा ठेवून असतो. त्याचंही दुःख खरं आहे हो, म्हणूनच ते पाहताना घशात अडकतं. परकी फौज कधीतरी निघून जाते, शेजारी कुठे जातो? तेच उद्या दुकानात, विहिरीवर, लग्नात भेटणार. यादवीनंतरची भीती म्हणूनच 30 वर्षं टिकते, आमची सात महिन्यांत संपली.

आणि लपलेला माणूस या सिनेमात हिरो राहत नाही, ते मला पटलं. तो चिडका होतो, संशयी होतो, स्वतः दाराबाहेर पाऊल टाकू शकत नाही पण बायकोनं कोणाशी बोलावं ते ठरवायला पाहतो. मामाआजोबांबद्दलही आजी हळू आवाजात हेच सांगायची, की शेवटी शेवटी तो ताटावरून भांडायचा, आणि त्याला ओरडायची पण सोय नव्हती, भांडण सगळं कुजबुजत. हे सांगताना तिला अपराधी वाटायचं, भावाची बदनामी केल्यासारखं. आपल्या ऐतिहासिक सिनेमात असलं काही दाखवायची हिंमत कोणी करत नाही, तलवारी, घोडे, ढोलताशे आणि शेवटी जयजयकार. मला त्या सिनेमांचा राग नाही, मुलांना घेऊन मीही थिएटरात जाऊन पाहते, पण चिमूर-आष्टीच्या एका घरातला एक दिवस, नुसता एक दिवस, चूल पेटवण्यापासून रात्री धोतर वाळवण्यापर्यंत, कोणी मराठीत का करत नाही हा माझा प्रश्न आहे. त्याला किल्ल्याचा सेट लागत नाही, व्हीएफएक्स लागत नाही. एक माळा आणि दोन चांगल्या नट्या लागतात.

1972 मध्ये स्वातंत्र्याला 25 वर्षं झाली तेव्हा मामाआजोबांना ताम्रपट मिळाला. गावात सत्कार झाला, त्यांचा हक्कच होता तो. आजी त्या दिवशी मागे चहाच्या कपबशा मोजत होती. भूमिगत असा शब्द त्यांच्या कागदावर आहे, त्यांना कोणी जेवू घातलं त्याला कागदावर रकानाच नव्हता. आजी गेली 1991 मध्ये, तिचं नाव कुठेच नाही.

म्हणून संपादक साहेब, एक विनंती आहे. तुमच्या पुरवणीत सिनेमाच्या लेखांसोबत थोडी जागा काढा आणि चिमूर, आष्टी, बेनोडा, यावली अशा 1942 च्या लढ्यातल्या गावांकडच्या वाचकांना सांगा की घरात कोणी लपवलेलं असेल तर ते घर कसं चाललं ते लिहून पाठवा. धान्य कुठून आणलं, पोरांना काय सांगितलं, आजारी पडल्यावर काय केलं, रात्री शौचाला कसं नेलं, असले प्रश्न विचारा, लढ्यात योगदान काय असं विचारू नका, कारण तसं विचारलं की बायका म्हणतात आम्ही कुठं काय केलं. तेव्हा लहान असलेले आता नव्वदीला आले आहेत.

आईचं मी मोबाईलवर रेकॉर्ड करायला घेतलं आहे. तीन दिवसांत चाळीस मिनिटं झाली, ती दुपारी जेवणानंतर बोलते, बाकी वेळ विसरते. कागदावर उतरवून पंधरा दिवसांत तुमच्या ऑफिसात आणून देईन, छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आपली नियमित वाचक,
महाल, नागपूर