वकील ताई, तुमचे जाहीर आभार

वकील ताई,

नाव टाकत नाही, तुम्हीच नको म्हणालात. पण आभार चारचौघात मानायचेच होते.

अण्णांना बायपास सांगितली आणि पुण्यातल्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात आधी डिपॉझिट भरा म्हणाले, गरीब पेशंटच्या बेडचं विचारलं तर काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला बेड फुल आहेत आणि ती स्कीम आता बंद झालीय. आम्ही बार्शीकडची माणसं, काय कळणार हो, घरात शेत गहाण टाकायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. तेवढ्यात चुलतभावाने तुमचा नंबर दिला.

तुम्ही पहिलं विचारलंत, "नाही म्हणाले ते लेखी दिलंय का?" मग सांगितलंत की २००६ साली मुंबई हायकोर्टाने जनहित याचिकेत ही योजना लावून दिलीय, धर्मादाय हॉस्पिटलांनी १०% खाटा निर्धन लोकांना फुकट द्यायच्या, अजून १०% दुर्बल घटकांना सवलतीत, आणि त्यासाठी बिलांच्या २% रक्कम वेगळ्या फंडात टाकायची. म्हणजे पैसे पण बाजूला काढायचेत! कोर्टाचा आदेश इतका जुना आणि आम्हाला दारात सांगतात बंद झालीय, कमाल आहे.

मग तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, अर्ज, एक कॉपी धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसला, सगळं तुम्ही सांगाल तसं केलं. तरी काउंटरवर पोच द्यायला तयार नाहीत. तुम्ही कोर्टातून तशाच आलात, कोट हातावर, आवाज अजिबात चढवला नाही, एवढंच म्हणालात, "ठीक आहे, मग नकार लिहून द्या, खाली नाव आणि सही." तो आत गेला तो सोशल वर्कर मॅडमना घेऊनच बाहेर आला. सकाळी फुल असलेला बेड संध्याकाळी निघाला. त्या मॅडमनी पुढे फार मदत केली हेही सांगायला पाहिजे.

अण्णा आता सकाळी मारुतीपर्यंत चालत जातात आणि बिडी सोडलीय म्हणतात (आईला पटत नाही).

फी तुम्ही घेतली नाही, ज्वारीचं पोतं तरी नाही म्हणू नका, पुढच्या आठवड्यात पाठवतो. आणि तुमचा तो अर्ज मी टाईप करून ठेवलाय, वॉर्डातल्या दोघांना दिला पण, पोच घेतल्याशिवाय हलू नका असं बजावून.

तुमचा,
अण्णांचा थोरला