नेलपॉलिशचा ठिपका शोधायला लाव पोरांना

चि. बंडू,

अनेक आशीर्वाद. परवा तुझा फोन आला तेव्हा समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्यामुळं नुसतं हं हं केलं, पण ते डोक्यातून जाईना, की यंदा युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाच्या पोरांना डिझाइनची ओळख करून द्यायचा विषय तुझ्याकडं आलाय आणि पोरं डिझाइनची नाहीतच, कॉमर्सची, इंजिनिअरिंगची, बीएची सगळी मिसळ, तर सुरुवात कुठून करू. आता दुकान बंद करून बसलेय, बाबा मॅच बघतायत, म्हणून सावकाश लिहिते. निम्मं बोलून टाइप करतेय, फोननं काही वेगळंच छापलं असलं तर समजून घे.

पहिल्या तासाला लोटा दाखवणार म्हणालास. ते चार्ल्स आणि रे ईम्स, अमेरिकेतलं जोडपं, त्यांचा भारत सरकारसाठी केलेला १९५८ चा अहवाल तू शिकत असताना मला वाचून दाखवला होतास, लक्षात आहे माझ्या. लोट्यात पाणी किती मावावं, डोक्यावर न्यायचा का कमरेवर, भरलेला असताना तोल कसा आणि रिकामा असताना कसा, हातात कसा बसतो, दुसऱ्या भांड्यावर आपटला तर आवाज कसा येतो, किंमत किती, असे प्रश्नच प्रश्न, आणि मग १९६१ ला अहमदाबादची एनआयडी, म्हणजे डिझाइन शिकवणारी संस्था, निघाली. भारीच आहे ते. पण अरे, तुझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांनी लोटा देवघराच्या बाहेर वापरलेला पण नसणार. ती माना डोलावतील, फोटो काढतील आणि कँटीनला जातील. चांगली वस्तू समोर ठेवली की माणूस कौतुक करतंय आणि मोकळं होतंय, प्रश्न त्याला पडत नाही.

त्यापेक्षा त्यांना ठिपके शोधायला लाव. म्हणजे काय ते सांगते. कुणाच्याही घरी जा, हॉलमधला आठ स्विचचा बोर्ड बघ, त्यातल्या एका स्विचवर नेलपॉलिशचा ठिपका नाहीतर टिकली चिकटवलेली दिसंल. तो फॅनचा. का लावायला लागतो? कारण वायरमननं बोर्ड भरताना पाइपातून जी वायर आधी हाताला आली ती पहिल्या स्विचला जोडली, आणि ज्या बाईला रोज ते बटण दाबायचंय तिला कुणी विचारलंच नाही. बोर्ड करणारा, वायर ओढणारा आणि वापरणारा, तिघं एकमेकांना कधी भेटलेलीच नसतात. मग ती ठिपका लावते आणि राहिलेलं काम पुरं करते. आजीचा रिमोट आठवतोय ना, सेट टॉप बॉक्सचा, तीन बटणं सोडून बाकी सगळ्यांवर तिनं चिकटपट्टी मारली होती आणि तू हसलेलास. एवढी बटणं ज्यानं दिली त्याला तुझ्या वर्गात उभं करून विचारायला पाहिजे, आजीला हसण्यात काय अर्थ आहे.

आपलं खातं आहे त्या बँकेचं काचेचं दार बघ. दोन्ही बाजूंना उभं हँडल. हँडल दिसलं की हात ओढतोच, त्याला कुणी शिकवायला लागत नाही, आणि ते दार आत जाताना ढकलायचं आहे. म्हणून ‘ढकला’ असा कागद चिकटवलाय, तरी माणसं ओढतातच, मी पण ओढते. त्या बाजूला हँडल न लावता नुसती सपाट पट्टी लावली असती तर कागद लागलाच नसता.

आणि ठिपका कुठं नाही ते पण बघायला सांग, ते जास्त अवघड आहे. एसटीतली घंटीची दोरी. एक टण म्हणजे थांब, दोन टण म्हणजे चल, आणि दोरी बसच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. गर्दीत कंडक्टर कुठं अडकलेला असंल ते काय सांगता येत नाही, तो जिथं असंल तिथून हात वर केला की घंटी. सूचना नाही, बाण नाही. नाहीतर आपला आतून झाकण बसणारा कुकर घे. आतली वाफच झाकणाला वर दाबून धरते, त्यामुळं प्रेशर असताना तू कितीही जोर लाव, उघडतच नाही. घाईतल्या माणसाच्या शहाणपणावर काही सोडलेलंच नाही त्यात.

आता आपल्या धंद्यातलं, विजेच्या सामानातलं एक, हे हातात घेऊनच दाखव. थ्री पिन टॉप, म्हणजे तीन पिनांचा प्लग. वरची अर्थिंगची पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. लांब कशाला, तर टॉप घालताना अर्थिंग आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं, म्हणजे मिक्सरच्या बॉडीत करंट उतरला असला तरी फेज लागायच्या आधीच त्याला जमिनीत जायची वाट तयार. जाड कशाला, तर ती चुकून दुसऱ्या भोकात जाऊ नये. आणि शटरचा सॉकेट असला तर हीच लांब पिन आत गेल्यावर खालच्या दोन भोकांवरचे पडदे सरकतात, म्हणून पोरानं खालच्या भोकात हेअरपिन खुपसायला बघितली तरी जात नाही. एवढ्याशा पितळेच्या तुकड्यात एवढा विचार केलाय कुणीतरी, आणि आयुष्यभर टॉप लावणाऱ्या माणसाला ते माहीत पण नसतं. (डब्यावर ६ आणि १६ अँपिअर छापलेलं असतंय, गिऱ्हाईक मात्र अजून पाचचा नाहीतर पंधराचाच मागतंय, ते जाऊ दे.)

पण इथंच गंमत आहे. टू पिनचा चार्जर त्या शटरमधून जात नाही म्हणून लोक वरच्या भोकात पेन नाहीतर टेस्टर घालून पडदा उघडतात. एक्स्टेंशन बोर्डाला अर्थिंगचं भोक नसलं की टॉपची लांब पिनच मोडून टाकतात, काही जण तर टॉप विकत घेतल्या घेतल्या माझ्या काउंटरवरच पक्कड मागतात. हा पण ठिपकाच, पण उलटा. नेलपॉलिशवाल्या बाईनं अडचण सोडवली, आणि ह्यानं स्वतःचा जीव वाचवणारीच गोष्ट मोडली. दोघांच्या दृष्टीनं मात्र अडचण सारखीच, वस्तू ऐकत नाही. तुझ्या पोरांनी लोक बावळट आहेत असं लिहून आणलं तर मार्क देऊ नकोस. चार्जर करणारा आणि सॉकेट करणारा एका घरात नांदणाराय हे दोघांनी बघायला पाहिजे होतं.

कॉमर्सवाल्यांना नाण्यांचं दे. पूर्वीचं २ रुपयांचं नाणं ११ कोनांचं होतं, गल्ल्यात न बघता हाताला लागायचं. मग गोल स्टीलचं आलं आणि १ कुठला, २ कुठला, उन्हात धरून बघायचं, म्हणून मी गल्ल्यात दोन वाट्या केल्या. मार्च २०१९ ला नवी नाणी काढली ती दृष्टिहीनांना ओळखता यावीत म्हणून, त्यातलं २० चं १२ कोनांचं आहे. नोटांवर पण खुणा आहेत, नव्या १०० वर उठावाचा त्रिकोण आणि कडेला ४ तिरक्या रेघा, ५०० वर गोल आणि ५ रेघा. पोरांना डोळे मिटून ओळखायला लाव, पण नोटा कोऱ्या देऊ नकोस, माझ्या गल्ल्यातल्यासारख्या मळक्या, घडी पडलेल्या दे. मग कळंल.

आणि सांगलीचं एक सांगच. पावसाळ्यात कोयनेतून इतके हजार क्युसेक सोडले असं टीव्हीवर सांगतात, आकडा ऐकून पोटात गोळा येतो पण त्यातनं आपल्या दारात पाणी येणार का नाही ते कळत नाही. आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाणी किती फूट एवढं सांगितलं की अख्ख्या गावाला कळतं. ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि त्यापुढं प्रत्येक गल्लीचा आपापला आकडा आहे जो कुठंच छापलेला नाही. अमक्या फुटाला नदीकडच्या सूर्यवंशी प्लॉटात पाणी, तमक्याला आपली गाडी वर न्यायची. पाणी तेच, पण एका आकड्यावर माणूस सामान बांधायला लागतो आणि दुसऱ्यावर नुसता टीव्ही बघत बसतो. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हाची रेघ लोकांनी घराच्या भिंतींवर मारून ठेवलीय, खाली तारीख. त्यानंतर नदीकडच्या भागातली माणसं वायरिंगचं सामान न्यायला आली की आधीच सांगायची, मीटर वर घेणाराय, खालचे प्लग पॉइंट नकोतच. बाबा त्यांना त्या रेघेच्या वर हातभर माप घ्यायला सांगायचे. शोभेला ते चांगलं दिसत नाही, सोफ्याच्या मागं वायरी लोंबतात, पण रेघ बघून ठरवलेलं आहे.

तर पहिल्या आठवड्यात काही शिकवूच नकोस. प्रत्येकानं एक ठिपका शोधून आणायचा, घरातला, हॉस्टेलवरचा, बसमधला, आणि ज्यानं तो केला त्या माणसाशी बोलून यायचं, कधी केला, त्याआधी काय होत होतं. हॉस्टेलवरची पोरं गिझरपासनं सुरू करतील बघ. लगेच त्यावर नवीन वस्तू काढायला सांगू नकोस, पोस्टर तर अजिबात नको, पोस्टर केलं की पोरांना काम झालं असं वाटतं. आधी वायरमनकडं पण पाठव, त्याची पण बाजू असते, त्याला घाईनं बोर्ड भरायला लावणारा कॉन्ट्रॅक्टर असतो आणि त्याच्यावर घरमालक.

दुकानात परत आलेले जुने टॉप, मोडके होल्डर, जळके स्विच पोतंभर पडलेत, बाबा भंगारात घालणार होते, मी थांबवलंय. पोरांना हातात धरून उघडायला होतील. लाइनवर लावून बघायचे नाहीत एवढं मात्र पहिल्यांदा सांग. किती पोरं आहेत ते कळव, त्या हिशोबानं निवडून शनिवारी एसटी पार्सलला टाकते. सोबत भडंग आणि शेंगदाण्याची चटणी आहे, ती वर्गात नेऊ नकोस.

तुझी
आई